रेंज फक्त ओट्यापाशी

पाथर्डी फाटा, नाशिक
आषाढातला गुरुवार

ती. कारभारी दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सोमनाथचा, लांबूनच नमस्कार. खरं तर पायाच पडायचं होतं, पण तुमचे गुडघे दुखतात असं कळल्यापासून तिकडे हात न्यायला भीती वाटते. तेल लावता ना? अक्काचा खोकला थांबला का? (तिला सांगा, फ्रिजमधलं पाणी बंद कर असं तुझा भाऊ म्हणतो, आणि भाऊ आता टू बीएचकेत राहतो, तेव्हा त्याचं थोडं तरी ऐक.) इकडे मोहिनी, आमची पोर हर्षाली आणि मी खुशाल. नव्या घरात दूध उतू घातलं तेव्हा तुम्ही गुडघ्यांपायी येऊ शकला नाहीत, त्याचा राग नाही, फक्त मोहिनी तो विषय रोज काढते.

तुम्ही म्हणाल, टॉवरवाल्या माणसाला पत्र? ज्याने उभं आयुष्य मोबाईलचे टॉवर सांभाळण्यात घालवलं, जो कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी खिशातून फोन काढून 'हितं दोन दांड्या हायेत' असं मोठ्याने जाहीर करतो (तुमच्या सुयशच्या लग्नात तर तुम्ही ते अंतरपाट धरलेला असताना केलंत), त्याला पोस्टाचं पाकीट? कारण आहे, दाजी. आमच्या नव्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघरात येते, तीही ओट्यापासून हाताच्या अंतरावर. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हर्षाली बसलेली असते, आणि मला बोलायचंय नेमकं तिच्याविषयी. खाली उतरून फोन करावा, तर लिफ्टजवळच्या बाकावर सोसायटीतले रिटायर्ड लोक ठाण मांडून असतात, आणि त्यांना दुसऱ्याच्या फोनइतका दुसरा कशाचा विरंगुळा नाही. (मीही रिटायर्डच आहे, पण मी अजून त्या बाकावर बसत नाही.) म्हणून हा कागद.

मूळ गोष्ट तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे. हर्षाली पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम घरून करते, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. सिडकोतल्या आमच्या जुन्या वन बीएचकेत ती बेडरूमचं दार लावून बसायची आणि मोहिनी तिचं ताट दाराबाहेर ठेवायची, दवाखान्यात ठेवतात तसं. आम्ही टीव्ही मुका करून बघायचो. एकदा मी दुपारी हॉलमध्ये जरा लवंडलो, तर माझं घोरणं थेट जळगावच्या एका ग्राहकाने ऐकलं आणि 'मॅडम, तुमच्याकडे काही काम चालू आहे का?' असं विचारलं. झालं! दिवाळीनंतर पोरीने सांगून टाकलं, दार लावता येईल अशी माझी खोली आणि न तुटणारं नेट मिळालं तर मी नाशकात, नाहीतर कंपनी पुण्याला बोलावतेच आहे. मोहिनी त्या दिवशी जेवली नाही. एकच पोर आहे हो दाजी, ती गेली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसणार, आणि ते आम्हाला जमत नाही. मी त्याच दिवशी ठरवलं की मोठं घर घ्यायचं, आणि पाठोपाठ हेही ठरवलं की बजेट झाल्यावर घ्यायचं.

आमच्या घराण्याची ही रीत तुम्ही जाणताच. रेडिओ घ्यायचा झाला तरी आमचे आप्पा 'बजेट होऊ दे' म्हणायचे (रेडिओ आला तेव्हा शेजाऱ्यांकडे टीव्ही आला होता). अक्काची आणि तुमची सुपारीसुद्धा बजेटानंतरच फुटली, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल. पण खरं सांगू का, मला या बजेटाचं फार अप्रूप वाटतं. दिल्लीत एक कागद उलटतो आणि इथे फाट्यावर सिमेंटची गोणी दचकते! घरकर्जाच्या व्याजावर सवलत मिळणार अशी नुसती कुजबुज झाली की बिल्डरच्या ऑफिसात पेढे येतात. मोबाईलच्या सुट्या भागांवरचं सीमाशुल्क हललं की एम. जी. रोडवरचे मोबाईलवाले एकमेकांच्या दुकानात डोकावू लागतात. नेटच्या तारेसाठी तरतूद झाली की तिकडे पेठच्या डोंगरात कुणीतरी खड्डा खणायला घेतो. आणि हे सगळं एका भाषणातून, तेही पाणी पीत पीत केलेल्या! मी थक्क होतो. मोहिनी म्हणते, तुम्ही लवकर थक्क होता. असेल.

आमचे बिल्डर म्हणजे बंटीशेठ. पोरगेलेच आहेत, पण फोन तीन. जानेवारीभर ते सांगत होते, काका, बजेटानंतर रेट चढणार, आत्ता घ्या. पेपरात येत होतं, बजेटानंतर घरं स्वस्त. मी बेत केला की भाषण चालू असताना बिल्डिंगमध्येच हजर राहायचं, सवलतीचं वाक्य आलं रे आलं की खाली धावायचं आणि बंटीशेठना सुधरायच्या आत जुन्या रेटने बुकिंग करायचं. ते खाली ऑफिसात टीव्ही लावून बसलेले. मी चौथ्या मजल्यावर, रिकाम्या फ्लॅटमध्ये, मोबाईलवर. वॉचमनने चहा आणून ओट्यावर ठेवला, म्हणून मीही ओट्यापाशीच उभा राहिलो. (हे ध्यानात ठेवा, दाजी. माझं सगळं नशीब त्या चहाच्या कपाशेजारी उभं होतं.) आणि काय सांगू, काय ते नेट! इतक्या वेळात एकदा चित्र थिजलं नाही की आवाज तुटला नाही. मी मनात म्हटलं, पोरीला हवं ते हेच, घर पास.

तेवढ्यात घरांविषयीचं एक वाक्य आलं. पुढचं ऐकायला कोण थांबतंय! मी चहा तसाच टाकून जिन्याने सुटलो. आता तुम्हा टॉवरवाल्यांना ठाऊक असेल, मला मेल्याला कुठे ठाऊक, की मोबाईलवरचं भाषण टीव्हीच्या मागून चालतं. मी जे वाक्य ऐकून धावत होतो ते बंटीशेठनी केव्हाच ऐकलं होतं. धापा टाकत ऑफिसात शिरलो, तर त्यांनी फळ्यावरचा रेट पुसलाही होता आणि ते हातातलं फडकं झटकत होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, काका, तुम्ही घरचे, तुम्हाला जुनाच रेट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दाजी. तिथल्या तिथे सही केली. (मोहिनीचं म्हणणं, तो फळा त्या दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा पुसला होता. वॉचमनने तिला सांगितलं. बायकांना वॉचमन सगळं सांगतात.) पुढे कर्जाच्या वेळी टॅक्सवाल्या साहेबांना मी त्या वाक्याचा अर्थ विचारला. ते म्हणाले, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही, बिल्डरशीही नाही, ते भलत्याच लोकांसाठी होतं. आता बघा, ज्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही अशा वाक्याने मला चार मजले पळवलं आणि घर घ्यायला लावलं! ज्याचा संबंध असेल ते वाक्य काय करत असेल, या विचाराने मला दोन दिवस झोप लागली नाही.

अक्षय्यतृतीयेला राहायला आलो. हर्षालीने तिच्या खोलीत जाऊन दार लावलं, आणि लगेच उघडलं. रेंज नाही. खिडकीत नाही, गॅलरीत नाही, कपाटावर चढून फोन छताला लावला तरी नाही. मी बंटीशेठना गाठलं. ते भिंतीवर थाप मारून म्हणाले, काका, काम बघा किती मजबूत आहे, रेंजसुद्धा आत शिरत नाही. पोरगी रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसती बॅग काढून पलंगावर ठेवली आणि पुण्यातल्या हॉस्टेलांची चौकशी करायला लागली. मी हॉलमध्ये नव्या टाइल्स बघत बसलो. तेवढ्यात आत ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी, मोहिनीचा फोन वाजला. तिने दिलेलं पायपुसणं सामानात गुंडाळून आणलं नाही म्हणून तुमची अक्का भांडायला फोन करत होती. तिला साष्टांग नमस्कार सांगा, तिच्यामुळे आम्हाला रेंज सापडली.

तेव्हापासून ओट्याला लावून टेबल मांडलंय. हर्षाली तिथे कानाला मशीन लावून बसते आणि शेजारी मोहिनीचा स्वयंपाक चालतो. परवा मालेगावचे एक गृहस्थ क्लेम नाकारला म्हणून नुसते पेटले होते. पोरगी मॅडमसारखी समजावतेय, आणि मोहिनीने इकडे लसणीची फोडणी टाकली. चर्रर्र! ते थांबले. मग म्हणाले, बाई, कसली भाजी? हर्षाली म्हणाली, शेवभाजी. त्यापुढे ते इतके मऊ झाले की फोन ठेवताना आशीर्वाद दिला. मोहिनी तर आता मध्येच खुणा करून क्लेम पास कर, बिचारा खरं बोलतोय, असं सुचवते. पोरगी डोळे मोठे करते आणि हसते. दोन फोनांच्या मध्ये आईच्या हातून गरम पोळी खाते. सिडकोत वर्षभरात तिचा जेवढा आवाज ऐकला नव्हता तेवढा आता एका दिवसात ऐकू येतो. मीही दुपारी तिथेच स्टूल टाकून शेंगा सोलतो. घोरायची सोय गेली, पण मजा येते.

पण दाजी, हे किती दिवस? पोरीने खोली मागितली होती आणि मी तिला फोडणीत बसवलं. ती तक्रार करत नाही याचीच मला जास्त धास्ती आहे. बॅग अजून पलंगाखालीच आहे, मी वाकून बघून येतो. म्हणून हात जोडून विनंती, आमच्या गच्चीवर एक टॉवर बसवून द्या. तुमच्या शब्दाला कंपनीत मान आहे. सोसायटीच्या सभासदांना मी एकेक करून पटवलंय, बाकावरच्यांनासुद्धा. गच्ची मोकळी आहे, ऊन भरपूर आहे, फक्त कोपऱ्यात मोहिनीच्या कुरडया वाळतात, तेवढं सांभाळून घ्या. श्रावणात वास्तुशांत आहे, तेव्हा दोघं या आणि जागा बघून जा. अक्काला नमस्कार, गुडघ्यांना आराम.

तुमचा,
सोमनाथ

ता. क. : पाकीट चिकटवायला डिंक शोधत हर्षालीच्या खोलीत गेलो होतो. टेबलाच्या मागे एक पांढरी पेटी दिसली, हिरवे दिवे लुकलुकत होते. पोरगी फोन संपवून हात धुवायला गेली तेव्हा मोहिनीला हळूच विचारलं. ती मेथी निवडता निवडता म्हणाली, नेटची पेटी आहे, तारेचं नेट, तुम्ही कर्जाच्या हप्त्यासाठी बँकेत गेला होतात त्या दिवशी पोरीनेच बसवून घेतलं, खोलीत सुसाट चालतं, फोनसुद्धा लागतो. म्हटलं, अगं मग ती इथे ओट्यापाशी का बसते? मोहिनीने जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, विचारू नका. विचारलंत तर जाऊन बसेल खोलीत." दाजी, बजेटापुढे मी आजवर थक्क झालो, पण आज डिंकाची बाटली हातात धरून तसाच उभा राहिलो. मग पलंगाखाली बघितलं. बॅगेत मोहिनीने हिवाळ्याच्या रजया भरून ठेवल्यात.

ता. क. २ : टॉवरचं वर जे लिहिलंय ते सगळं खोडलेलं समजा. सभासदांना मी काहीतरी सांगेन. खरं काम आता सांगतो. वास्तुशांतीला तुम्ही येणार, दारात पाऊल टाकताच सवयीने फोन बाहेर काढणार, आणि पोरीचं नेट तुमच्या फोनवर तिच्या नावानिशी दिसणार. सगळ्यांदेखत जाहीर करू नका, तुम्हाला अक्काची शपथ. फोन उंच धरा, गॅलरीत जा, मान हलवा, आणि पोरीला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणा, "हितं काय बी नाय गं पोरी. तू आपली वट्यापाशीच बस."