‘मले’वर लाल फुली

मंगळवार, संध्याकाळ

मी शिकवते त्या वर्गात टॅब आले. मुलांनी बोलायचं, टॅबनं तपासायचं. तिसरीतली बडबडी कोमल म्हणाली, “मले आंबा आवडते.” लाल फुली. पुन्हा म्हणाली, पुन्हा फुली. शेजारची हसली, “टॅबले तुही बोली समजत नाई वं!” मीही घाईत म्हणाले, “‘मला’ म्हण.” मग कोमल दिवसभर गप्प. टॅबसाठी अर्ज मीच लिहिले होते ना?

घरी आईनं विचारलं, “काऊन गप्प हायेस? काय झालं तुले?”

“मला काही नाही.”

कॉलेजपासून घरातही मी ‘मला’च म्हणते. आईला माझं ‘मला’ म्हणजे तिच्या ‘मले’वरची फुलीच वाटत असेल का? उद्या कोमलजवळ बसून ‘मले’ म्हणणार आहे. आत्ता एकदा ‘मले’ म्हणून पाहिलं. माझं मलाच खोटं वाटलं.