ड्रॅगन मागे सरत नाही

२१ जानेवारी
"शेजाऱ्यांनो, आपल्याच गावात शिरताना आपल्याकडे तिकीट मागतात!" — सभेतल्या भाषणाची पहिली ओळ जमली. पुढचं बोलता बोलता येईल. माझं नेहमी येतं.

गेल्या नववर्षाला शुचिन पर्यटन कंपनीनं गावाच्या तोंडाशी बसवलेल्या गेटवरूनच परत गेली. माझी पोर! नोकरी हांगचौला, नाव तिकडच्या दप्तरी, म्हणून गावकऱ्याचं कार्ड नाही. गेटवरचा म्हणाला, तिकीट काढा. ती म्हणाली, आईला भेटायला तिकीट काढणार नाही. आणि वळली. मी इकडे चुलीवर डुकराचं मटण आणि बांबूचे कोंब शिजत ठेवून दाराकडे बघतेय! त्यानंतर ती आलेलीच नाही.

ते गेट जाईपर्यंत मी गप्प बसणार नाही.

२३ जानेवारी
विद्यापीठातून मू छिंग नावाची मुलगी आलीय. वारसा जतन आणि पर्यटन यावर संशोधन. माझ्याच माडीवर राहते. पहिला प्रश्न — पर्यटनामुळे गावाविषयीचा तुमचा अभिमान किती वाढला, एक ते पाचमध्ये सांगा. मी तासभर सांगितलं. दोन राजवंश, एक दुष्काळ आणि आमचा दगडी पूल, काही सोडलं नाही. तिनं लिहिलं "पाच" आणि पुढे प्रश्नचिन्ह.

पण पोरगी सरळ आहे. तिनं स्पष्टच सांगितलं. कंपनीला कंदील उत्सवातला ड्रॅगन रोज हवाय — भाड्याची माणसं, पिवळे कपडे, दुपारी दोनचा खेळ — आणि गेट कायमचं. जिल्ह्याचा निर्णय तिच्या अहवालावर आहे. गावानं यंदा स्वतः ड्रॅगन काढला तर ती लिहील की उत्सव गावाच्या हाती ठेवा, गेट हटवा. नाही काढला तर तसं लिहील.

खोटं लिहिते म्हणाली असती तर मीच तिला घराबाहेर काढलं असतं.

२५ जानेवारी
सभा झाली. मी पेटले होते! म्हाताऱ्यांनी काठ्या आपटल्या. तेवढ्यात आमचे धाकटे दीर बाओगन उठले.

"वहिनी, तोंडानं ड्रॅगन चालत असता तर तू एकटीनं नदीपर्यंत नेला असतास. फळ्या कुठायत?"

सगळे हसले. मीही हसले, कारण खरंच होतं. एक चूल, एक फळी — असा आमचा ड्रॅगन. प्रत्येक घराची एक फळी, तिच्यावर दोन कंदील, भोकात खुंटी घालून शेजारच्या फळीला जोडलेली. गेट आल्यापासून कुणी काढलाच नाही. एकाच्या फळीचं खुराड्याचं झाकण झालंय, एकीच्या फळीवर शेवया वाळतात. माझी, हे गेल्यापासून भिंतीला टेकून आहे.

३० जानेवारी
ईवू, शांघाय, जिथे जिथे आमची माणसं आहेत तिथे फोनवर भाषणं पाठवली. एक जुना विद्यार्थी म्हणतो, "बाई, तुमचा आवाज ऐकला आणि वाटलं धडा पाठ नाहीये. येतो." पोरं माझ्या भीतीनं येणार असतील तर तसं. भीतीही परंपराच!

शुचिनला वेगळा निरोप. आत येऊ नकोस म्हटलं. बारा तारखेला संध्याकाळी नदीकाठच्या कापराच्या झाडाखाली उभी राहा. ते गेटच्या बाहेर आहे. ड्रॅगन त्या झाडाला वळसा घालतो. आपली फळी तुझ्याकडे येईल.

४ फेब्रुवारी
उत्तर नाही.

८ फेब्रुवारी
गल्लीभर लाकडाचा भुसा. कुणाची खुंटी जाड, कुणाचं भोक बारीक, रोज भांडण! मी एकेकाची खुंटी घालून पाहिली, दोघांना परत पाठवलं. कंपनीचा मॅनेजर खुआंग येऊन विम्याविषयी काहीतरी बोलत होता. बाओगननी त्याच्या हातात आधी तांदळाची दारू दिली, मग कंदील चिकटवायची खळ. तासाभरानं विम्याचं नाव नाही. तिखट खाणाऱ्या हूनानचा आहे. आमचं जेवण अळणी म्हणतो आणि दोनदा वाढून घेतो.

१३ फेब्रुवारी
खांदा सुजलाय. आनंद!

काल दिवेलागणीला देवळापुढे फळ्या जोडल्या. संपेचनात! डोकं विहिरीपाशी पोचलं तरी शेपूट देवळातच. आमच्या फळीखाली मी, मागच्या टोकाला छिंग. माझ्या चुलीवर जेवते म्हणजे माझ्या घरची. संशोधकानं लांबून बघायचं असतं म्हणाली. मी म्हटलं, खांद्यावर घेऊन बघ.

वाजतगाजत गेटपर्यंत आलो आणि थांबलो. बाओगननी उचललेलं डोकं गेटमध्ये मावेना! खुंट्या मापल्या, भोकं मापली, गेट कुणीच मापलं नव्हतं. मीसुद्धा नाही. रोज कार्ड दाखवून जाते तरी. ड्रॅगनची वाट आठवली की डोळ्यापुढे जुनाच रस्ता येतो, आणि त्या रस्त्यावर गेट नाही.

मागे फिरायचं नाही. ड्रॅगन मागे सरला तर गावाचं वर्ष वाईट जातं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुढे गेट, मागे अख्खं गाव खांद्यावर ओझं घेऊन. गजांतून झाड दिसत होतं. झाडाखाली निळ्या कोटात माझी पोर. आली होती!

मी भाषण करायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

खुआंग पान्हा घेऊन आला. गेटवरचा रखवालदार विचारायला लागला, साहेब, वर काय सांगायचं? खुआंगनं गजाचे नट फिरवत म्हटलं, "तिकीट आत यायला असतं. हे बाहेर चाललेत."

गज निघाले तरी विटांचे खांब आड येत होते. पहिला घण त्यानंच घातला. मग पोरं तुटून पडली. ड्रॅगन बाहेर पडला, एकही खुंटी न तुटता! झाडाखाली शुचिननं माझ्या खांद्यावरून फळी उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. परतताना ती घरापर्यंत आली. तिकीट न काढता.

१४ फेब्रुवारी
छिंग गेली. अहवालात काय लिहिणार ते सांगितलं नाही. तिचाही खांदा सुजलाय, ते मी पाहिलं.

१५ फेब्रुवारी
शुचिन सकाळपासून मागच्या रिकाम्या खोलीत टेप घेऊन काहीतरी मापत होती. जेवताना म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मला माझी फळी हवी. मला इथे वेगळी चूल मांडायचीय."

शेजाऱ्यांनो! गेटच्या खांबांच्या विटा रस्त्यावर तशाच पडल्यात, आणि खुआंग म्हणतो, उचला एकदाच्या. उद्या सकाळी माझ्याकडे येताना प्रत्येकानं एक वीट घेऊन या.