हाताने ठरवलेला वेग

सोमवार, ४ मार्च

मामांचा पॅच तपासायला माझ्याकडे आला. एकटीकडे! ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणतात, पण केबलचं टोक कसं धरायचं इथपासून त्यांनी शिकवलं ते मला.

नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या कोडमधला, म्हणजे ड्रायव्हरमधला बदल आहे. एरवी केबलच्या दोन टोकांची यंत्रं आपसात बोलून वेग ठरवतात. आता माणसाला तो हाताने ठरवता येईल. बासष्ट ओळी. मी ‘ठीक’ म्हटलं की खाली तपासणारी म्हणून माझं नाव लागणार, कायमचं. आमच्या घरात आजवर कुणाचं नाव कशाखाली लागलेलं नाही.

मंगळवार, ५ मार्च

सात वेळा वाचला. काही सापडलं नाही. मामांच्या कोडमध्ये काय सापडणार? तरी आठव्यांदा उघडला.

बुधवार, ६ मार्च

नुसतं वाचून ‘ठीक’ लिहिणं पटेना. पलीकडच्या इमारतीतल्या यंत्रात इथूनच नेटवर्कवरून शिरले आणि वेग कमी करून पाहिला. केबलच्या दुसऱ्या टोकाला नेटवर्कची पेटी असते, स्विच; तिला तो वेग चालत नाही. जोडणी गेली. आणि मी शिरले होते ती त्याच कार्डातून! आता वेग परत बदलायचा, तर आत जायचं कुठून?

त्याच यंत्रावर मामांची दोन दिवसांपासूनची चाचणी चालू होती. तीही बुडाली.

धावत गेले. मशीनरूमच्या बाई किल्ली काढत म्हणाल्या, “आलीस? प्रत्येक जण एकदा येतोच.” मामांना सांगितलं तर हसले. “मी दोनदा गेलोय. बस, चहा घे.” रागावले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, ७ मार्च

आंघोळ करताना लक्षात आलं. चूक माझी होतीच, पण पॅचमध्येही आहे. नवा वेग लावताना जुना कुठेच राखून ठेवलेला नाही. जोडणी लागली नाही, तर यंत्राने आपणहून जुन्यावर परत यायला हवं. नाहीतर दर वेळी कुणीतरी धावत जायचं.

काल त्यांचं काम मी बुडवलं, आणि आज त्यांचीच चूक काढू? कोणत्या तोंडाने? ‘ठीक’ लिहून मोकळं व्हावं, असं दोनदा वाटलं.

आईला विचारलं. ती लाँड्रीत काउंटरवर कपडे घेते. म्हटलं, “डाग दिसतोय, पण गिऱ्हाईक अगदी आपलं माणूस आहे.”

“मग तर घेतानाच दाखव. एकदा आत घेतलास, की तो तूच पाडलेला.” इस्त्रीची घडी मोडू न देता म्हणाली, “आणि उद्या मामांना डबा ने. एकटेच असतात ना ते?”

शुक्रवार, ८ मार्च

अकरा वेळा खोडून चार ओळी लिहिल्या. पॅच परत पाठवला. दिवसभर उत्तर नाही. मामा उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले. माझ्याकडे पाहिलं नाही. डबा मात्र धुऊन परत आला.

शनिवार, ९ मार्च

दर तासाला मेल बघतेय. आई म्हणते, “तो फोन झिजेल गं.”

सोमवार, ११ मार्च

दुरुस्त पॅच आला. दहा सेकंदांत जोडणी लागली नाही, तर जुना वेग. मुद्दाम चुकीचा वेग दिला – या वेळी यंत्राशेजारी स्टूल टाकून. आठ, नऊ, दहा... परत आलं बेटं! ‘ठीक’ लिहिलं. खाली नाव घातलं.

संध्याकाळी मामा टेबलाशी थांबले. “एकोणीस वर्षांत माझा पॅच कुणी परत पाठवला नव्हता.”

“सॉरी, मामा.”

“सॉरी कसलं? मला आपलं वाटलं, इतकी वर्षं कुणी वाचलेच नाहीत की काय.” जाता जाता म्हणाले, “आईला सांग, भाजीत मीठ कमी होतं. तपासून बघ म्हणावं.”

मंगळवार, १२ मार्च

मामांचा आणखी एक पॅच, माझ्याकडेच. दोनच ओळी. हा ड्रायव्हर कोण सांभाळतं, त्या यादीतून पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव काढलंय आणि दुसरीत माझं घातलंय.

पहिली ओळ चुकीची आहे. तसं लिहून परत पाठवला.