ताईच्या वतीने

३ मार्च, मंगळवार
रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरच्या आम्हा चौघांतून प्रशिक्षण वर्गाला मलाच पाठवलं. विषय : ज्यांना स्वतःचं रक्षण करणं अवघड जातं अशा मोठ्या माणसांसाठीचे कायदे. चार मंगळवार, ऑफिस सुटल्यावर. बाकी तिघांनी घरच्या अडचणी सांगितल्या म्हणे. खरं म्हणजे साहेबांना माणसाची पारख आहे. निश्चय : पहिला नंबर काढायचा. नवी वही, दोन रंगांची पेनं घेतली.

वकीलबाई शिकवतात. छळ म्हणजे नुसती मारहाण नव्हे, म्हणाल्या. कोंडून ठेवणं, भेटीगाठी तोडणं, माणसाला बोलूच न देणं, हाही छळच. लाल पेनाने लिहून घेतलं. जगात काय काय नमुने असतात!

घरी आलो, बाहेरची कडी काढली, ताईला सगळं ऐकवलं. ती काहीतरी सांगायला लागली. पक्षाघात झाल्यापासून तिचा एकेक शब्द यायला वेळ लागतो. म्हटलं, हो हो, भूक लागली ना, वाढतो.

१० मार्च, मंगळवार
आजचा धडा पटला नाही. मोठ्या माणसाला चुकीचा निर्णय घ्यायचाही हक्क असतो म्हणे. मी हात वर केला. जबाबदार नातेवाइकाने काय करायचं? बाई म्हणाल्या, आधी त्या माणसाला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

बोलायला काय जातं. ताई एकाहत्तरची. मी ऑफिसात असताना जिना उतरायला गेली आणि पडली तर? म्हणून कडी. कोंडणं वेगळं आणि कडी लावणं वेगळं. कोंडणाऱ्याचा हेतू वाईट असतो.

१२ मार्च, गुरुवार
संशयित सापडली. खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली. आज लवकर आलो तर ही बाई आमच्या पॅसेजमधल्या खिडकीशी स्टूल टाकून बसलेली. आतून ताई हसत होती. मला बघताच दोघी चिडीचूप. वहीत पाहिलं : 'बाहेरच्या व्यक्तीचा अचानक वाढलेला प्रभाव', लक्षण क्रमांक तीन. तक्रार करणार. कायदा कळणारा माणूस गप्प बसला तर उपयोग काय त्याचा?

१७ मार्च, मंगळवार
चाचणीत वीसपैकी एकोणीस. चुकलेला प्रश्न मुळातच संदिग्ध होता.

तक्रारीचा फॉर्म भरला. एक रकाना : 'संबंधित व्यक्तीचं स्वतःचं म्हणणं'. ताईच्या वतीने मीच लिहिलं, 'मला माझ्या भावाजवळ अत्यंत सुरक्षित वाटते.' तिला इतकं नेटकं जमलं नसतं. सहीसाठी कागद पुढे केला. तिने बराच वेळ वाचला, मग पेन खाली ठेवलं. हात दुखत असावा. तसं लिहून दिलं.

२३ मार्च, सोमवार
तक्रारीची चौकशी करणाऱ्या अधिकारीबाईंचा फोन. गुरुवारी येतायत. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, खुर्च्या पुसल्या. शिवणकामवालीचं वाईट वाटतं, पण कायदा म्हणजे कायदा.

२६ मार्च, गुरुवार, दुपार
अधिकारीबाई आल्या. आत येण्याआधी कडीचा फोटो काढला. मी फाईल उघडली, तर म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसा. मी समजावलं की ताईचं बोलणं कळत नाही, मी सांगतो ना. त्या म्हणाल्या, मला वेळ आहे.

पन्नास मिनिटं जिन्यात बसलो. ताई माझ्याशी कधी पाच मिनिटंही बोलत नाही. मला वाटायचं, आजारामुळे.

मग आत बोलावलं. तक्रारी दोन आहेत, म्हणाल्या. माझी नंतरची. पहिली ताईची, माझ्याविरुद्ध. शिवणकामवालीने तीन दिवस दुपारी खिडकीबाहेर बसून लिहून घेतलेली. खाली ताईची वेडीवाकडी सही. हात दुखत नव्हता.

वाचून दाखवलं. दोन वर्षं कडी. आलेल्या माणसांना दारातूनच परत पाठवणं. डॉक्टरांसमोर सगळी उत्तरं भावानेच देणं. एकोणीस गुणांचा माणूस, कुठे तोंड लपवू कळेना. ताईचं शेवटचं वाक्य होतं, त्याला शिक्षा नको.

२७ मार्च, शुक्रवार
सुताराला बोलावून कडी काढून घेतली. ऑफिसला गेलो नाही.

सकाळी ताईसमोर बसलो आणि विचारलं, तुला काय सांगायचं होतं मला? ठरवलं होतं, अक्षर बोलायचं नाही. ती म्हणाली, मला तुझी. थांबली. ओठ हलत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, काळजी वाटते, ठाऊक आहे मला.

तिने मान हलवली. नाही.

मग मी थांबलो. पहिल्यांदाच. बऱ्याच वेळाने शब्द आला. भीती.