थोडं डावीकडे

क्युपर्टिनो, रविवार संध्याकाळ

निखिल त्याचा कुकर देऊन गेला. पुढच्या आठवड्यात तो नव्या नोकरीसाठी पार्सिपनीला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, शिफ्ट होतोय. दारात उभा राहून म्हणाला, "कुणी थांब म्हटलं तर ऑफर नाकारीन, बरं का." मी म्हटलं, "ऑफर चांगली आहे. जायलाच हवंस."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मग तो गेल्यावर इतका वेळ कुकर हातात धरून का उभी राहिले?

तेव्हापासून क्योटोतलं ते देऊळ डोक्यात आहे. ऑफिसच्या कामासाठी आम्ही दोघं गेलो होतो. तिथे अंगणात दोन दगड आहेत. डोळे मिटून एकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचलं, तर मनातलं माणूस मिळतं. वाटेत कुणी दिशा सांगितली, तर प्रेमातही कुणाची तरी मदत लागणार, असं मानतात. मी आधी अंतराचा अंदाज घेतला, दिशा पक्की केली आणि निघाले. मध्येच निखिल हळूच म्हणाला, "थोडं डावीकडे."

"सांगू नकोस यार, चीटिंग होतं."

पोहोचले मी, एकटीच. त्यानं टाळ्या वाजवल्या. "मॅडम, तुम्हाला कुणाची गरजच नाही." मला ती शाबासकी वाटली होती.

आज दारातही तो बहुतेक तेच सांगत होता. थोडं डावीकडे.

मघाशी तो नियम पुन्हा नीट आठवून पाहिला. मदत घेतली तर माणूस मिळत नाही, असं त्यात कुठेच नव्हतं.