आता न लागणाऱ्यांची यादी

३ मार्च, नारीन

सुखरूप पोहोचले. ग्रंथालयात स्वागत झकास झालं: तळलेल्या पिठाचे गरम बोर्सोक, जर्दाळूचा मुरंबा. काउंटरवरची जिपार मोठी खट्याळ. मला एजे, म्हणजे ताई, म्हणते. म्हणाली, "एजे, या वयात संगणकाच्या काळ्या पडद्याशी संसार?" म्हटलं, नवरा गेल्यापासून बोलायला तेवढाच आहे.

असानालीला जाऊन तीन वर्षं झाली. त्याची संगणकाची पुस्तकं वाचून मी हे काम शिकले. मूल नाही, दीर-नणंदा नाहीत. त्याला आठवणारी मी एकटीच उरले आहे.

इथल्या जुन्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं आहे. आधी कोण बघायचं, विचारलं. संचालक ताश्तानबेक म्हणाले, कुणीच नाही. मग खुर्चीवरची हाताने शिवलेली उशी कुणाची?

४ मार्च

कमांड टाइप केली. यंत्र दर पायरीला सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांची यादी दाखवून विचारतं: ही पॅकेजेस आता लागत नाहीत, काढू का? शेवटी कंटाळून कमांडलाच 'हो' जोडून टाकलं. आता ते विचारत नाही. याद्या भराभर सरकल्या. एका ओळीत 'जिपार' दिसल्यासारखं वाटलं. पॅकेजांना काहीही नावं देतात.

५ मार्च

जिपार आली नाही. ताश्तानबेक म्हणाले, "कोण जिपार? काउंटर पाच वर्षं मीच सांभाळतोय. झोप झाली नाही वाटतं, एजे!" तिची शाल तर खुंटीवर आहे. नव्या बाईला बनवताहेत, दुसरं काय.

६ मार्च

खुंटीवर शाल नाही. परवापासूनच्या याद्या उघडून नीट वाचल्या. जिपार आहे. त्याखाली ताश्तानबेक. धावत त्यांच्या खोलीत गेले. बादल्या, झाडू. राखणदार म्हणतो, ही पहिल्यापासून अडगळच.

७ मार्च, सकाळ

यंत्र बंद करायला गेले. आणखी एक यादी चालू होती. एकच ओळ. आता लागत नाही: असानाली.

लागतो. मला लागतो. दहादा 'नाही' टाइप केलं. पण 'हो' मीच आधी सांगून ठेवलंय. वायर उपटली. बॅटरीवर चालूच आहे. काढून झालं: तीस टक्के.

लिहून ठेवते. असानाली. उजव्या भुवईवर व्रण. चहात मीठ. हसताना तोंडावर हात धरायचा.

पन्नास.

व्रण डाव्या भुवईवर — घोड्यावरून पडला तेव्हा — की तो माझा भाऊ —

ऐंशी.

चहात मीठ कुणीतरी घालायचं. मला आवडत नसे, तरी मी —

वर हे नाव का लिहिलंय? अक्षर तर माझंच. रडू थांबत नाही, आणि कुणासाठी ते