‘आमचं’ म्हणजे कोणाचं

मिससाहेब,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता लिहिणं हा वेडेपणा आहे, हे मला कळतं. लिहितो आहे तेही मराठीत. तुम्ही असता तर इंग्रजीत लिहिलं असतं, तुम्हाला वाचायला सोपं म्हणून. पण जे सांगायचं आहे ते इंग्रजीत उभं राहत नाही. तिथे ‘वुई’ हा एकच शब्द आहे. ग्रीकमध्येही एकच, आणि तोसुद्धा बऱ्याचदा क्रियापदाच्या शेपटीत दडलेला. दोन शब्द मराठीत आहेत आणि माझी लाज त्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

युद्धाच्या भीतीने पाद्री घडवणारी आमची सेमिनरी मुंबईहून कर्जतला हलवली होती. नदीपलीकडच्या भाड्याच्या बंगल्यात स्वयंपाकघराच्या मागची पडवी हा आमचा वर्ग. ग्रीक शिकवणारे पाद्रीसाहेब लष्करात गेले म्हणून तो विषय तुमच्याकडे आला. तुमचं ग्रीक पक्कं होतं. मराठीही पक्कं होतं, पण पुस्तकातून आलेलं. ‘आपण’ हा शब्द तुम्ही कधी वापरत नसा. जिथे तिथे ‘आम्ही’. तास संपला की पुस्तक मिटून तुम्ही म्हणायचा, “आम्ही आता जेवू.” आणि आम्ही मुलं जागची हलत नसू. खालापूरकडचा एक होता, तो खालच्या आवाजात म्हणायचा, “मिससाहेब जेवनार. आपन बगायचं.” तुम्ही दारात थांबून मागे वळून पाहायचा, आम्ही अजून का उठलो नाही हे तुम्हाला कळायचं नाही. मीही हसत असे. माझं हसणं इतरांपेक्षा थोडं मोठं असायचं.

मग बायबलातला तो वादळाचा उतारा आला. नाव पाण्याने भरते आहे, गुरू मागच्या बाजूला झोपले आहेत, शिष्य त्यांना उठवून म्हणतात की बुडतो आहोत, तुम्हाला काहीच वाटत नाही का. तुम्ही मला विचारलं, मराठीत इथे काय घालाल? मी सांगितलं, दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून, ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. तुम्ही खडू खाली ठेवलात. मग म्हणालात, “म्हणजे झोपलेला माणूसही बुडणार की नाही, हे मराठीला ठरवावं लागतं.” खालापूरकर म्हणाला, “नाव येकच हाय मिससाहेब. बुडली तर समदेच.” दुसरा म्हणाला, “तो नाय बुडायचा. पान्यावरनं चालत जाईल.” वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “नियम मला समजला. पण मला तो ऐकू येत नाही. एखाद्या घरात बसून ऐकला पाहिजे.” आणि माझ्याकडे पाहिलंत, कारण चालत जाता येईल असं घर माझंच होतं.

मी टाळायला हवं होतं. बाप्तिस्म्यानंतर मी गावी, कडावला, कधीमधी जात होतो आणि ओटीच्या आत पाऊल टाकत नव्हतो. हे मी सेमिनरीत कोणाला सांगितलं नव्हतं. उलट, घरच्यांनी फार मोठ्या मनाने घेतलं असं सांगत होतो. तुम्ही आणखी एकदा विचारलंत तेव्हा नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

तो दिवस मला अजून दिसतो: भात निघून गेलेलं आहे, खाचरांत वाल उभा आहे. तुम्ही बांधावरून चालता, प्रत्येक रोपाचं नाव विचारता. बाबा अंगणात येतात, तुम्हाला हात जोडतात, माझ्याकडे बघून “आलास व्हय रं” म्हणतात. ओटीवर घोंगडं टाकलं जातं. आई पळसाच्या दोन पत्रावळी मांडते आणि पाणी वरून ओतते. तुम्ही पत्रावळीवर हात फिरवून म्हणता, किती सुंदर, रोज यावरच जेवता का? आई भाताचं पातेलं उचलते. आत माझं ताट फळीवर उभं आहे, ते मला दारातून दिसतं. “घे रं, भात घे अजून,” ती म्हणते, आणि भात उंचावरून पडतो. मग बाबा पंचा झटकत उठतात. “तुमी दोगं बसा हितं निवांत. आमी आत जेवतो.”

इतकंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता. गावात राहायचं होतं त्यांना, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. पण तुमचा हात पत्रावळीवर थांबला आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. जो नियम तुम्हाला ऐकू येत नव्हता तो आता ऐकू आला होता. ‘तुमी दोगं’मध्ये मी होतो. माझ्या मोठ्या मनाच्या घराची गोष्टही तुम्हाला त्याच वेळी कळली. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तोच उतारा होता. “आम्ही की आपण?” तुम्ही विचारलंत, पण मला नाही, दुसऱ्याला. मीच मध्ये बोललो. म्हणालो, सर्वनाम गाळता येतं. ‘बुडतो आहोत’ एवढंच लिहावं. तुम्ही फळ्यावर तेवढंच लिहिलंत आणि पुढच्या ओळीवर गेलात. ते काही अर्थविवरण नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं, तरी तुम्ही मला तिथून निसटू दिलंत. घरी बोलताना पुढे मी तेच केलं. ‘आम्ही’ नको, ‘आपण’ नको, अशी वाक्यं जुळवायला शिकलो. ती जुळवावी लागतात हेच इतकं दमवणारं होतं की हळूहळू मी जाणंच सोडलं. बाबा गेले ते मला महिन्याने कळलं.

तुम्ही कायमच्या मायदेशी निघालात तेव्हा मी कर्जतच्या फलाटावर आलो होतो. शेजारच्या गाडीला घाट चढायचं जादा इंजिन लागत होतं, त्या आवाजात तुम्ही मला बाजूला घेतलंत. “मी त्या दिवशी तुमच्या घरी यायला नको होतं. माझ्यामुळे तुम्ही घराबाहेर पडलात. मला क्षमा करा.” तुमचे डोळे भरले होते. मी म्हणालो, तसं काही नाही मिससाहेब. आणि ते अशा सुरात म्हणालो की तुम्हाला वाटावं, तसंच आहे.

तुम्ही असं का समजत होता हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी कडावहून निघताना बाबा बांधापर्यंत आले होते. वालाच्या शेंगा तुमच्या पिशवीत घालत ते म्हणाले, “ह्याचं तोंड सुकलंय. खाया घालता ना? पोर आमचं हाय मडम. तुमच्याकडं ठेवलंय.” माझ्याकडे न बघताच ते परतले. वाटेत तुम्ही बराच वेळ मनात काही जुळवत होता. मग विचारलंत, “वडील ‘आमचं’ म्हणाले. म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून. आणि तुम्हीही ऐकत होता. मग तुम्ही त्यात नाही?”

ते तुमच्याशी बोलत होते, मिससाहेब. त्या शब्दाबाहेर फक्त तुम्ही होता. पोर त्यांचं होतं, तुमचं नव्हतं, हे बजावायला ते बांधापर्यंत आले होते. आत जेवायला घेता येत नव्हतं तर निदान एवढं बोलायला. मला ते ऐकताक्षणीच कळलं होतं. पण ओटीवर तुम्ही मला पाहिलं होतं, आणि तुमच्यासमोर आता मला अन्याय झालेला माणूसच राहायचं होतं. ज्याला बाहेर काढलं त्याला परत जायची जबाबदारी नसते.

मी म्हणालो, “नाही, मी त्यात नाही.” तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि कर्जत येईपर्यंत काढला नाहीत. तो हात मला हवा होता.

तुम्ही हयात असता तर हे मी लिहिलं नसतं.